देहातले घटिकापात्र



हत्तीरोगाची तपासणी करणारे आरोग्य खात्याचे कर्मचारी गावात येतात ते रात्री. जेवणखाण आटोपलेले असते, माणसे अंथरुणाला पाठ टेकण्याच्या बेतात असतात, आणि दारात बॅटरीचा उजेड पडतो. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेतात. "अहो, दिवसाउजेडी यायला काय झालं होतं?" असे घरधनी करवादतो. राष्ट्रीय कार्यक्रमात हत्तीरोगाचे म्हणून धरलेल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत आपल्या सोलापूरचेही नाव राहिलेले आहे. तेव्हा ही रात्रीची फेरी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल.

या फेरीला कारण आहे. हत्तीरोगाच्या जंतांची सूक्ष्म पिल्ले दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून असतात, आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात येतात. त्यांना एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारा डास रात्रीच चावतो, म्हणून ही वेळ. पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टराने चीनमध्ये काम करीत असताना 1870 नंतरच्या दशकात हा प्रकार ओळखला. पुढे 1881 साली लंडनमध्ये मॅकेंझी नावाच्या डॉक्टराने एका रोग्यावर साधा प्रयोग केला. रोग्याला दिवसा झोपवायचे आणि रात्री जागे ठेवायचे, एवढेच. काही दिवसांत जंतांनीही आपली वेळ फिरवली. आता ते दिवसा रक्तात दिसू लागले, रात्री नाहीसे होऊ लागले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. तो जंत आकाशातला सूर्य पाहत नव्हता. फुप्फुसांच्या अंधारात त्याला सूर्य दिसणार कुठून? तो माणसाच्या देहातली वेळ ओळखत होता. देहातही वेळ असते, देहालाही दिवस आणि रात्र असते, हे त्या किड्याला कळते. आपल्याला मात्र त्याचा विसर पडतो. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

प्रथम झाडाकडे पाहू. तिन्हीसांज झाली की चिंचेची पाने मिटतात आणि उजाडल्यावर उघडतात, हे खेड्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. शिकंदर बादशहाच्या पदरी असलेल्या अँड्रोस्थेनीस नावाच्या ग्रीकाने सुमारे साडेतेवीसशे वर्षांपूर्वी आजच्या बहरीन बेटावर पाने मिटणारे एक झाड पाहून त्याची नोंद करून ठेवली. ते झाड चिंचेचे असावे असे अभ्यासक मानतात. उजेड गेला म्हणून पाने मिटली, असे आपण सहज म्हणतो. परंतु 1729 साली द मैराँ नावाच्या फ्रेंच माणसाला शंका आली, आणि त्याने लाजाळूसारख्या एका रोपट्याला अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्या रोपट्याची पाने आपल्या वेळेला उघडत राहिली आणि मिटत राहिली. झाडाच्या आतच काहीतरी वेळ मोजत होते.

ते काय असावे, हे कळायला पुढची अडीचशे वर्षे लागली. 1971 साली अमेरिकेत कोनोप्का आणि बेन्झर या दोघांनी फळांवरच्या चिलटांत असा एक जनुक शोधला, की तो बिघडला म्हणजे चिलटाचा दिवसच बिघडतो. कोणाचा दिवस एकोणीस तासांचा होतो, कोणाचा अठ्ठावीस तासांचा, तर कोणाला दिवस-रात्र उरतच नाही. 1984 साली तो जनुक वेगळा काढता आला. या घड्याळाची आतली रचना उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही रचना समजायला आपल्याकडचे घटिकापात्र फार उपयोगी आहे. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्याने भरलेल्या घंगाळात बारीक भोक असलेली वाटी सोडीत. वाटीत हळूहळू पाणी चढे. ती भरली की बुडे आणि एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली असे समजत. मग वाटी रिकामी करून पुन्हा सोडीत. आपल्या पेशींत जवळजवळ असेच चालते. जनुकाच्या हुकमाने एक प्रथिन तयार होऊ लागते. ते साठत साठत इतके होते की ज्या जनुकाने हुकूम दिला त्याचेच तोंड ते बंद करते. मग नवे प्रथिन होत नाही, जुने झिजून जाते, आणि तोंड मोकळे झाले की जनुक पुन्हा कामाला लागतो. वाटी भरली, बुडाली, रिकामी झाली, पुन्हा तरंगली. फरक इतकाच, की या वाटीला बुडून वर यायला सुमारे चोवीस तास लागतात. "सुमारे एक दिवस" अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून 1959 साली हाल्बर्ग या शास्त्रज्ञाने या लयीला "सर्केडियन" असे नाव दिले. आपण तिला दैनिक लय म्हणू.

"सुमारे" हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. 1962 साली मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण घड्याळ न घेता आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत दोन महिने एकटा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची 20 तारीख होती, प्रत्यक्षात सप्टेंबरची 14 होती. मनाचा हिशेब पंचवीस दिवसांनी चुकला होता. परंतु त्याच्या झोपेची आणि जागेपणाची नोंद तपासली, तेव्हा देहाने साधारण साडेचोवीस तासांचा दिवस बिनचूक पाळलेला आढळला. आपल्या देशात मदुराई कामराज विद्यापीठात प्राध्यापक एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेतल्या वटवाघळांवर, तसेच बंद खोलीत राहणाऱ्या माणसांवर, याच विषयाचा मोठा अभ्यास केला.

म्हणजे आपले घड्याळ चांगले आहे, पण बहुतेकांचे रोज थोडे मागे पडणारे आहे. त्याला रोज लावून घ्यावे लागते. ते लावतो सूर्य. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे 20 हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. ते देहाचे मुख्य घड्याळ. यकृत, हृदय, आतडी, स्नायू या सर्वांत आपापली लहान घड्याळे आहेत. गावच्या वेशीतल्या टोल्यावर घराघरांतली घड्याळे लावून घ्यावीत, तशी ती या मुख्य घड्याळाशी जुळवून घेतात. आणि मुख्य घड्याळ डोळ्यांतून येणाऱ्या उजेडाशी जुळवून घेते. ज्या अंध बांधवांना उजेडाची जाणीवही होत नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांची झोप म्हणूनच रोज थोडी थोडी सरकत जाते. काही दिवस ते रात्री झोपतात, काही दिवस भर दुपारी. त्याला आळस म्हणणे हा अन्याय आहे.

आता हे घड्याळ दिवसभर काय करते ते पाहा. रामप्रहरी, आपण उठण्याच्या आधीच, देह उठण्याची तयारी करू लागतो. अंगात तरतरी आणणारा रस रक्तात वाढतो, उठल्यावर रक्तदाब चढतो. हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी जास्त येतात, त्याचे एक कारण हेच. दुपारी जेवणानंतर डोळ्यांवर झापड येते. ती नुसती भाकरीची सुस्ती नसते, घड्याळातच तेथे एक उतार आहे. सायंकाळी अंग सर्वांत उबदार असते, स्नायू जोरात असतात. दिवेलागणीनंतर अंधार पडू लागला की मेंदूतली एक लहान ग्रंथी मेलॅटोनिन नावाचा रस सोडू लागते. "रात्र झाली" ही दवंडी तो सगळ्या देहाला देतो. मध्यरात्र उलटली की अंगाची ऊब उतरत जाते आणि पहाटे चारच्या आसपास ती सर्वांत कमी होते. दम्याच्या रोग्याला पहाटेच धाप का लागते, आणि रात्रीच्या गाडीवानाचा डोळा पहाटेच का लागतो, याचे उत्तर येथे आहे. रात्री जठर आणि स्वादुपिंडही मंदावतात. तीच भाकरी सकाळी खाल्ली तर रक्तातली साखर एक चढते, मध्यरात्री खाल्ली तर जास्त चढते आणि उशिरा उतरते.

आता या घड्याळाची आणि आपल्या सोलापूरच्या पोटापाण्याची गाठ कुठे पडते ते पाहू. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तिलाच "जुनी मिल" म्हणू लागले. नंतर आणखी गिरण्या आल्या, आणि शहर भोंग्यावर उठू-बसू लागले. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. तिकडे मुंबईत 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले, आणि मावळतीला संपणारा कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. 1911 च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचे काम 12 तासांवर आणले, 1922 च्या कायद्याने 11 तासांवर, 1934 च्या कायद्याने 10 तासांवर. 1948 च्या कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. कामगारांनी झगडून मिळवलेला हा हक्क फार मोलाचा आहे. परंतु एक गोष्ट पाहा. काम तास किती, एवढेच प्रौढ पुरुषाच्या बाबतीत मोजले गेले. ते तास दिवसाचे की रात्रीचे, हे फारसे कोणी विचारले नाही. जणू दुपारचे आठ तास आणि मध्यरात्रीचे आठ तास देहाला सारखेच!

सोलापूरच्या त्या मोठ्या गिरण्या आता बंद पडल्या. रात्रीचे काम मात्र बंद पडले नाही. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने रात्रंदिवस चालतात. इस्पितळे, एसटी, पोलीस चौक्या, हमरस्त्यावरचे ट्रक, सगळे रात्री जागे असते. आणि शेतकऱ्याचे काय? वर्षानुवर्षे महाराष्ट्रात शेतीपंपाला वीज आळीपाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा 8 तास, काही दिवस रात्री 10 तास. ज्या आठवड्यात रात्रीची वीज, त्या आठवड्यात शेतकरी रात्री बाराला मोटर चालू करायला आणि पहाटेपर्यंत दारे धरायला उसात उभा. दिवसा इतर कामे आहेतच. विंचू-काट्याचे भय सर्वांना दिसते. घड्याळ मोडण्याचे भय डोळ्यांना दिसत नाही. दिवसा वीज देण्यासाठी शासनाने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, 2023 साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. या योजनेकडे आपण वीजबिलाच्या आणि पिकाच्या दृष्टीने पाहतो. ती शेतकऱ्याच्या आरोग्याचीही योजना आहे, हे माझे आजचे सांगणे आहे.

रातपाळीने नेमके बिघडते काय? रात्री जागलेला माणूस दिवसा आडवा होतो, पण देहाचे घड्याळ म्हणते, "ही उठण्याची वेळ आहे." म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा बहुधा दोन-तीन तासांनी कमी पडते आणि हलकी लागते. देहाचे घड्याळ एका दिवसात साधारण तासभरच सरकू शकते. म्हणजे पाळी आठ तासांनी बदलली तर ते जुळायला आठवडा जातो, आणि तोवर पाळी पुन्हा बदललेली असते! वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे पोटाच्या तक्रारी, मधुमेह आणि हृदयविकार यांचा संभव वाढतो, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली, आणि पुन्हा 2019 साली, रातपाळीचे काम "बहुधा कर्करोगास कारण होणारे" या वर्गात घातले. याचा अर्थ रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला तो रोग होतो असा मुळीच नाही. घाबरून जाऊ नये. पण थट्टेवारीही नेऊ नये.

"अहो, हे ऐकून आम्ही काय करावं? पोट तर भरलंच पाहिजे," असे कोणी म्हणेल. ते बरोबरच आहे. म्हणून करता येण्याजोग्या काही गोष्टी सांगतो.

रातपाळीला जाण्यापूर्वी संध्याकाळी तास-दीड तास झोप घ्यावी. जेवण मध्यरात्रीच्या आत उरकावे, नंतर भूक लागलीच तर थोडेसे हलके काही खावे. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात चहा चालेल, दुसऱ्या अर्ध्यात टाळावा, कारण तो सकाळच्या झोपेला बाधतो. काम भरपूर उजेडात करावे, आणि सकाळी घरी परतताना शक्य तर काळा चष्मा लावावा. सकाळचे ऊन डोळ्यांत गेले की घड्याळ "दिवस उगवला" असे धरते. डोळे जड असताना मोटारसायकलवर बसू नये. वीस मिनिटे डुलकी घेऊन मग निघावे. रात्री दारे धरायला एकट्याने जाऊ नये. दोघे असले म्हणजे पहाटेच्या त्या दोन तासांत एक दुसऱ्याला सांभाळतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि दारूने झोप येते हा भ्रम सोडावा. तिने डोळा लागतो, पण झोप मोडकी लागते.

पाळ्या लावणारांनाही एक सांगणे आहे. पाळी बदलायचीच तर ती घड्याळाच्या ओघाने बदलावी, म्हणजे सकाळ, मग दुपार, मग रात्र. आपले घड्याळ मागे पडणारे असल्यामुळे उशिरा झोपणे त्याला सोपे जाते, लवकर झोपणे जड जाते. अमेरिकेतल्या युटा राज्यात एका खनिज कारखान्यात पाळ्यांचा क्रम असा बदलून पाहिला, आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलली. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कामगारांचे समाधान वाढलेले आढळले आणि उत्पादनही वाढलेले आढळले. याला पैसा लागत नाही, विचार लागतो.

सर्वांत मोठे काम घरच्या आणि शेजारच्या माणसांचे आहे. रात्री दोनला कोणाच्या दारात ढोल वाजवला तर आपण त्याला वेडा म्हणू. रातपाळीच्या माणसाची सकाळची दहाची वेळ म्हणजे त्याची मध्यरात्र. त्या वेळी पाहुणे, फोन, लाऊडस्पीकर, पोरांचा दंगा हे सारे त्याच्या मध्यरात्री वाजणारे ढोल आहेत. घरातली एक खोली, निदान एक कोपरा, जाड चादर लावून अंधारा करावा. आपण तर चादरींच्या गावचे, चादरीला तोटा नाही!

आणि आणखी एका माणसाची झोप कोणी मोजत नाही, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. नवरा पहिल्या पाळीला, मुलगा तिसऱ्या पाळीला, धाकटी शाळेत. कामगारांच्या घरातली बाई तिन्ही पाळ्या करते. पहाटे चारला पहिल्या डब्यासाठी उठते, रात्री शेवटच्या माणसाला वाढून झोपते, आणि हजेरीपटावर तिचे नाव कुठेच नसते. दिवसातून एक पाळी तिला सुटी देणे, हे घरातल्या इतरांच्या हातात आहे.

शेवटी शिक्षकबंधूंशी व भगिनींशी दोन शब्द. मुलांना पुरेशी झोप मिळत नाही या कारणाने 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. हेतू चांगला होता. परंतु शास्त्र काय सांगते तेही पाहावे. लहान मूल स्वभावतःच लवकर निजते आणि लवकर उठते. त्याची झोप बुडते ती मोठ्यांच्या रात्रीच्या दिव्यामुळे आणि मोबाइलच्या पडद्यामुळे. तो उजेड डोळ्यांना "अजून दिवस आहे" असे सांगतो. उलट आठवी-नववीच्या पुढे मुलाचे घड्याळ वयानुसार आपोआप उशिरा सरकते. अकरा वाजले तरी त्याला झोप येत नाही, आणि सकाळच्या पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटतात. तेव्हा सकाळच्या शाळेत पेंगणाऱ्या पोराला उभे करण्याआधी विचारावे, "बाळ, रात्री किती वाजता निजलास? शेतावर होतास का?" त्याला शिक्षा करण्यापेक्षा शाळेच्या पटांगणात, कोवळ्या उन्हात, पंधरा-वीस मिनिटे कवायत घ्यावी. उघड्यावरचा सकाळचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असतो, आणि मागे पडलेले घड्याळ पुढे आणायला त्यासारखे औषध नाही. विज्ञानाच्या तासाला चिंचेची एक फांदी पाण्यात घालून कपाटात ठेवा, आणि तिची पाने कधी मिटतात, कधी उघडतात, हे मुलांनाच टिपून घेऊ द्या. धड्यापेक्षा ते जास्त लक्षात राहील.

आपल्या वाडवडिलांनी दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर केले, आणि प्रत्येक प्रहराला आपापले काम नेमून दिले. आज दिवे आले, यंत्रे आली, रात्री कामे करावी लागतात, आणि लागणारच. रात्री इस्पितळ उघडे असते म्हणून तर आपली माणसे वाचतात. मात्र जो आपल्यासाठी रात्री जागतो, त्याच्याकडून आपण देहाच्या ठेवीतले काहीतरी उचलीत असतो, याची जाणीव असू द्यावी. त्याच्या मजुरीचा हिशेब करताना नुसते तास किती, हे पाहू नये. कोणते तास, हेही पाहावे. आणि तो दिवसा झोपला असेल तेव्हा त्याच्या दारावरून जाताना पाऊल जरा हळू टाकावे.